१८९९ साली कामावर कोण आलं होतं?

एका पतसंस्थेचा डेटा मी ॲक्सेसमधून (मायक्रोसॉफ्टचा छोटा, एका फाइलचा डेटाबेस) एसक्यूएल सर्व्हरवर (त्यांचाच मोठा, अनेकांनी एकदम वापरायचा डेटाबेस) हलवला, त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी तिथल्या लेखनिकांचा फोन आला. "साहेब, हजेरीपत्रक काढलं. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे ३० डिसेंबर १८९९ ला सकाळी दहाच्या सुमारास आलेत. त्या वेळी आमचे आजोबासुद्धा जन्मले नव्हते." आवाजात तक्रार कमी, गंमत जास्त होती. मला मात्र घाम फुटला. हजेरीत १८९९ साल निघालं तर कर्जाच्या हप्त्यांत काय निघेल, हा विचार आधी मनात आला.

खरं तर हजेरीत काहीच बिघडलं नव्हतं. ते १८९९ साल पहिल्या दिवसापासून त्या फाइलमध्ये होतं. ॲक्सेस ते दाखवत नव्हता, एवढंच.

आपण टेबलात एखादा रकाना करतो तेव्हा त्यात काय ठेवायचं तेही ठरवतो: आकडा, तारीख, मजकूर, की नुसतं हो-नाही. हा झाला डेटा टाइप. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखंच हे प्रकरण आहे. बिऱ्हाड हलवताना नव्या घरातले डबे वेगळ्या मापाचे निघाले, तर काही जिन्नस मावत नाहीत आणि काही सांडतात. काही मात्र नीट मावतात, फक्त डब्यावरचं लेबल चुकतं. पहिल्या दोन गोष्टी लगेच दिसतात. तिसरी कळते ती आमटीत साखर पडल्यावर.

ॲक्सेस १९९२ साली आला. एका टेबलावर, एका माणसाच्या सोयीसाठी केलेली ही गोष्ट. तो फार सोशिक. तारीख अर्धवट लिहा, तो अंदाज बांधतो. महिना चुकवा, तो दिवस-महिना उलटे करून घेतो. त्याच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. शिवाय पाच-सहा जण नेटवर्कवरून एकाच वेळी उघडू लागले की फाइल अधूनमधून आजारी पडते. म्हणून माणसं सर्व्हरकडे वळतात. सर्व्हर मात्र सरकारी खिडकीसारखा: फॉर्म बरोबर भरला असेल तर आत, नाहीतर परत. आणि फॉर्म दिसायला बरोबर पण मजकूर चुकीचा असेल, तर तोही निमूटपणे आत.

आता १८९९. ॲक्सेस तारीख 'तारीख' म्हणून ठेवतच नाही, एक दशांश आकडा म्हणून ठेवतो. पूर्णांकात दिवस, अपूर्णांकात वेळ. सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा म्हणजे ०.५. दिवसांची मोजणी जिथून सुरू होते तो शून्याचा दिवस ३० डिसेंबर १८९९. तुम्ही नुसतं 'सकाळी १०' लिहिलंत तर दिवसाच्या जागी शून्य राहतं. ॲक्सेस ते शून्य बघून समजून घेतो आणि फक्त वेळ दाखवतो. सर्व्हरकडे ही समजूत नाही. त्याला शून्याचा दिवस दिला, तो त्याने छापला. नुसत्या वेळेसाठी सर्व्हरवर 'टाइम' हा वेगळा प्रकार २००८ च्या आवृत्तीपासून आहे. हजेरीचा रकाना त्यात टाकला आणि १८९९ गेलं.

शून्याचा दिवस इतका विचित्र का, याची गोष्ट मला फार आवडते. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. ते लीप वर्ष नव्हतं, कारण शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग जावा लागतो. एक्सेलने जुळवून घेण्यासाठी ती चूक तशीच उचलली, म्हणून एक्सेलमध्ये आजही २९ फेब्रुवारी १९०० हा न उगवलेला दिवस आहे. ॲक्सेसला खोटा दिवस नको होता आणि १ मार्च १९०० पासून आकडे एक्सेलशी जुळायलाही हवे होते. मग मोजणीची सुरुवातच एक दिवस मागे, ३१ ऐवजी ३० डिसेंबरला नेली.

एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या 'डेटटाइम' प्रकाराचा शून्य आहे १ जानेवारी १९००. फरक बरोबर दोन दिवसांचा. तारखा तारीख म्हणून नेल्या तर काही बिघडत नाही. पण मधल्या टप्प्यात कुणी त्या आकडा म्हणून नेल्या, उदाहरणार्थ एखाद्या टेक्स्ट फाइलमधून, आणि तिकडे पुन्हा तारीख केली, तर प्रत्येक तारीख दोन दिवस पुढे सरकते. एकही चूक दाखवली जात नाही. पंधरा ऑगस्टला जन्मलेला सभासद सतरा ऑगस्टचा होतो आणि वाढदिवसाचा एसएमएस जाईपर्यंत कुणाला कळत नाही.

हीच गोष्ट नेमकी उलट्या बाजूने बघू. ॲक्सेस सन १०० पासूनच्या तारखा घेतो. सर्व्हरचा डेटटाइम १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख घेत नाही. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी सप्टेंबर १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली, २ तारखेनंतर थेट १४ उजाडली, आणि त्या घोळात न पडता पुढच्या वर्षापासून सुरुवात केलेली बरी असा तो हिशेब. पतसंस्थेत १७५३ च्या आधीचं कर्ज कशाला असेल? पण होतं! तीन कर्जदारांची कर्जं सन २०३ मधली निघाली. घाईत एक शून्य राहून गेलं होतं, ॲक्सेसने ते बिनतक्रार स्वीकारलं होतं, आणि सर्व्हरने मात्र अख्खं टेबल दारातच अडवलं. माझ्या जोडीदाराने सुचवलं, की 'डेटटाइम२' हा नवा प्रकार वापरू, तो सन १ पासूनच्या तारखा घेतो, मग काम लगेच होईल. काम झालं असतं, पण सन २०३ मधलं कर्जही तसंच आत गेलं असतं. डेटटाइम२ चांगलाच प्रकार आहे, मी तो वापरतो. पण चूक लपवायला नव्हे. सर्व्हर अडवतो तेव्हा मी आता सुटकेचा निःश्वास टाकतो. भीती वाटते ती न अडता गेलेल्या गोष्टींची.

न अडता जाणाऱ्यांत सर्वांत नाठाळ म्हणजे दिवस-महिन्याची अदलाबदल. आपण ५ जून म्हणून ०५/०६ लिहितो. ॲक्सेसच्या क्वेरीत (डेटाला विचारलेल्या प्रश्नात) तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये लिहिली की ती अमेरिकी पद्धतीने वाचली जाते, तुमच्या संगणकाची मांडणी भारतीय असली तरी. म्हणजे ०५/०६ चा अर्थ ६ मे. पण २५/०६ लिहिलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून तो मुकाट्याने २५ जून असं वाचतो. कुणी पूर्वी फॉर्ममधली तारीख अशी क्वेरीत चिकटवून नोंदी भरल्या असतील, तर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलट्या आणि तेरापासून पुढच्या बरोबर, असा मिश्र डेटा तयार होतो. तो सर्व्हरवर नेताना कोणतीही अडचण येत नाही, कारण प्रत्येक तारीख वैधच असते. मी अशा वेळी रविवारी पडलेल्या नोंदी मोजतो. संस्था रविवारी बंद असताना भरण्याच्या दीडशे पावत्या रविवारच्या निघाल्या, तर पाणी कुठे मुरतंय ते कळतं. सर्व्हरवर मात्र मी तारीख नेहमी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी, मध्ये काहीही न घालता आठ अंकी लिहितो. तिचा दुसरा अर्थ निघत नाही.

दोन अंकी वर्षाचाही एक सापळा आहे. मजकूर म्हणून साठवलेली तारीख १२/०३/४५ अशी असेल, तर ॲक्सेस ३० ते ९९ हे मागच्या शतकातले धरतो, म्हणजे १९४५. एसक्यूएल सर्व्हर ४९ पर्यंतचे आकडे या शतकातले धरतो, म्हणजे २०४५. ज्येष्ठ नागरिकाला जादा व्याज द्यायचं असतं, आणि हे आजोबा अजून जन्मालाच आलेले नसतात.

तारखांवर बराच वेळ गेला, पण माझे निम्मे फोन तारखांचेच असतात. 'हो-नाही'कडे वळू.

ॲक्सेसमध्ये 'हो' म्हणजे उणे एक. कारण तांत्रिक आहे: शून्याचे सगळे बिट (संगणक आकडा ज्या ०-१ मध्ये लिहितो ते) उलटे केले की उणे एक मिळतं. सर्व्हरवर 'बिट' प्रकारात हो म्हणजे अधिक एक. आता जुन्या क्वेरीत कुणी 'कर्ज फिटलं बरोबर उणे एक' अशी अट घातली असेल, तर ती सर्व्हरवर चालते, पण एकही नोंद देत नाही. कुणाचंच कर्ज फिटलेलं नाही! याहून मजेशीर प्रकार बेरजेचा. ॲक्सेसमध्ये हजर सभासद मोजायचे तर लोक हो-नाहीच्या रकान्याची बेरीज करून तिचं चिन्ह उलटं करतात. सर्व्हर बिटची बेरीज करायलाच नकार देतो. मग कुणीतरी त्याचा पूर्णांक करून बेरीज करतं, पण चिन्ह उलटं करणं काढायचं विसरतं. मी एका वार्षिक सभेच्या अहवालात 'उपस्थिती: -२१२' हे डोळ्यांनी पाहिलं आहे. अट लिहायचीच तर 'शून्य नाही' अशी लिहावी. ती दोन्हीकडे चालते.

बिटला आणखी एक खोड आहे. ॲक्सेसच्या टेबलात हो-नाहीला तिसरी अवस्था नसते, पण सर्व्हरच्या बिटला असते: माहीत नाही, म्हणजे नल. टेबल सर्व्हरवर आणि फॉर्म ॲक्सेसमध्येच, अशी जोडणी अनेक जण ठेवतात. अशा रकान्यात नल शिरला की फॉर्म सेव्ह करताना 'ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे' असा निरोप येतो. ऑफिसात एकटाच माणूस बसलेला असतो आणि तो दुसऱ्याला शोधत फिरतो. उपाय सोपा: बिटला नल मना करावं, आधीच शून्य भरून ठेवावं, आणि टेबलात 'रोव्हर्जन' प्रकारचा एक रकाना जोडावा, म्हणजे नोंद खरंच बदलली का हे ॲक्सेसला त्या एका रकान्यावरून कळतं.

आकड्यांत नावांचा घोळ आहे. ॲक्सेसचा 'इंटिजर' दोन बाइटचा, जेमतेम ३२,७६७ पर्यंत जाणारा. सर्व्हरचा 'इंट' चार बाइटचा, म्हणजे ॲक्सेसच्या 'लाँग इंटिजर'एवढा. नावं बघून जोड्या लावल्या तर चुकतं. पण खरा फटका बसतो तो भागाकारात. ॲक्सेसमध्ये ४५ भागिले ५० म्हणजे ०.९. सर्व्हरवर दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तर शून्य, कारण तो पूर्णांकच परत देतो. हजेरीची टक्केवारी काढणारी क्वेरी सगळ्यांना शून्य टक्के देते, आणि पूर्ण हजर असलेल्यालाच शंभर. ४५ ला आधी १००.० ने गुणा, मग भागा.

पैशांचं जरा थांबून पाहू, कारण इथे रुपये खरेच हरवतात. ॲक्सेसच्या 'करन्सी'ची सर्व्हरवरची नैसर्गिक जोडी म्हणजे 'मनी'. दोन्ही चार दशांश स्थळं ठेवतात, दोन्ही आठ बाइटचे. जोडी अगदी शोभून दिसते. आता लाभांश वाटू. भागभांडवल १ कोटी २० लाख, वाटायची रक्कम ९ लाख. एका सभासदाचे शेअर ५,००० रुपयांचे. ५,००० भागिले एकूण भांडवल, गुणिले ९ लाख, म्हणजे ३७५ रुपये. ॲक्सेस भागाकार करताना करन्सी सोडून जास्त अचूक प्रकारात जातो, त्यामुळे ३७५ च येतात. सर्व्हरवर मनी भागिले मनी म्हणजे पुन्हा मनीच, चार स्थळांवर कापलेला. भागाकार ०.०००४१६ ऐवजी ०.०००४ होतो आणि सभासदाला मिळतात ३६० रुपये. पाचशेचाच शेअर असलेल्या गरिबाचा वाटा ०.०००० होतो आणि साडेसदतीस रुपयांऐवजी काहीच मिळत नाही. म्हणून साठवायला मनी चालेल, पण हिशेब 'डेसिमल'मध्ये पुरेशी स्थळं देऊन करावा, आणि शक्य तिथे आधी गुणावं, मग भागावं. मी तर साठवायलाही डेसिमलच घेतो.

राउंडिंगचंही लक्षात ठेवा. अडीचचं ॲक्सेस दोन करतो आणि साडेतीनचं चार, म्हणजे जवळच्या सम आकड्याकडे झुकतो. सर्व्हरचं राउंड अडीचचं तीन करतं. आणि डेसिमल नुसतं पूर्णांकात बदललं तर सर्व्हर २.९ चंही दोनच करतो, अपूर्णांक सरळ कापून टाकतो.

मोबाइल नंबर हा आपल्याकडचा खास रोग. लाँग इंटिजरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात आणि दहा अंकी असतात, म्हणजे एकही नंबर त्यात बसत नाही. मग कुणीतरी पूर्वी रकाना 'डबल' (मोठे दशांश आकडे ठेवणारा प्रकार) करून ठेवलेला असतो. सर्व्हरवर तो 'फ्लोट' होतो, आणि नंतर शहाणपण सुचून त्याचा मजकूर केला की नंबराच्या जागी ९.८७६५४ई+००९ असं काहीतरी येतं. फक्त पहिले सहा अंक उरतात आणि बाकीचे जातात. जुनी फाइल टाकून दिली असेल तर कायमचेच. फ्लोटचा आधी 'बिगइंट' (मोठा पूर्णांक) करा, मगच मजकूर. एसटीडी कोडचा पहिला शून्य तर आकड्यांच्या रकान्यात आधीच गळालेला असतो: पुण्याचा ०२० तिथे नुसता वीस होऊन बसतो. ज्याची बेरीज कधी करणार नाही, तो आकडा नाहीच. तो मजकूर.

मजकूर मराठीत असेल तर खबरदारी जास्त. ॲक्सेस २००० पासून युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत) साठवतो. सर्व्हरवर त्याची जोडी 'एनव्हारचार'. नेणाऱ्याने 'व्हारचार' निवडला, तर देवनागरीतल्या प्रत्येक खुणेचं प्रश्नचिन्ह होतं, आणि प्रश्नचिन्हातून परत अक्षर काढता येत नाही. रकाना एनव्हारचार असूनही हे घडू शकतं: क्वेरीत मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी एन हे अक्षर लावायला विसरलात तर सहसा तेच होतं. 'कोल्हापूर' आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, पण प्रश्नचिन्हं नऊ येतात, कारण यंत्र काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजतं. रकान्याची लांबी ठरवतानाही हेच नऊ धरायचे. सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीपासून व्हारचारमध्येही यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) वापरून देवनागरी ठेवता येते, पण तिथे लांबी बाइटमध्ये असते आणि देवनागरीची एकेक खूण तीन बाइट खाते. पन्नासच्या रकान्यात सोळा खुणाच मावतात.

बऱ्याच जुन्या फायलींमध्ये तर मराठी नसतेच, मराठीचा मुखवटा असतो. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टच्या काळात इंग्रजी अक्षरांवर देवनागरी चित्रं चढवलेली होती. असा डेटा सर्व्हरवर बिनबोभाट जातो, आणि नव्या वेबपेजवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तिथे टाइप बदलून भागत नाही. आधी परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग हलवायचा, आणि जोडाक्षरं व ऱ्हस्व वेलांटी माणसाने डोळ्यांखालून घालायची.

रिकाम्या जागेचंही असंच. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, आणि आडनाव. ॲक्सेसमध्ये ते 'अँड' चिन्हाने जोडलं की मधलं नाव नल असलं तरी बाकीचे दोन उरतात. सर्व्हरवर अधिक चिन्हाने जोडलं की एक नल अख्खं नाव गिळतो. पाकिटांवर छापायच्या यादीतून ती माणसं गायब. २०१२ पासून 'कॉनकॅट' आहे, ते वापरा. तसंच पॅन नंबरसारख्या 'दोनदा येऊ नये' अशा रकान्याचं: ॲक्सेस कितीही जणांचा पॅन रिकामा असलेला चालवून घेतो, सर्व्हरचा युनिक इंडेक्स मात्र एकाच नलला परवानगी देतो. 'नल नसलेल्यांपुरताच' असा गाळीव इंडेक्स करावा लागतो.

ॲटॅचमेंट (नोंदीला जोडलेल्या फाइल) आणि एका रकान्यात अनेक मूल्यं ठेवणारे प्रकार ॲक्सेस २००७ मध्ये आले. सर्व्हरवर त्यांना जोडीच नाही, वेगळं टेबल करा.

स्थलांतरासाठी मायक्रोसॉफ्टचं एसएसएमए (एसक्यूएल सर्व्हर मायग्रेशन असिस्टंट) हे साधन फुकट मिळतं, आणि ते बरं आहे. पण ते टाइप बदलून देतं, अर्थ तपासत नाही. मी ते चालवण्याआधी प्रत्येक तारखेच्या रकान्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख काढतो, पैशांच्या रकान्यांच्या बेरजा कागदावर लिहितो, आणि नल मोजतो. हलवल्यावर तेच पुन्हा. जुळलं नाही तर घरी जात नाही. जुनी फाइल फक्त वाचण्यापुरती करून जपून ठेवतो.

सन २०३ च्या त्या तीन कर्जांचं मात्र संगणकावर बसून काही होणार नव्हतं. लेखनिकांनी माळ्यावरून लाल कापडात बांधलेली रजिस्टरं काढली. दोन नोंदी सापडल्या, दोन्ही २००३ च्या. तिसऱ्या रजिस्टरची ती पानं वाळवीने खाल्ली होती. तिथे आम्ही तारीख रिकामी ठेवली आणि शेऱ्याच्या रकान्यात फाइलमधली जुनी तारीख जशी होती तशी, मजकूर म्हणून, लिहून ठेवली.